नागपूर विद्यापीठातील संशोधनकार्य : एका प्रदेशाच्या अध्ययनाचा इतिहास

विद्यापीठाचा इतिहास लिहावयाचा तर ज्या कायद्याने ते अस्तित्वात आले त्या कायद्यापासून प्रारंभ करावा, कुलगुरूंची नामावळी द्यावी, इमारतींच्या कोनशिला केव्हा बसल्या ते सांगावे आणि पदवीधरांच्या वाढत्या संख्येचा तक्ता जोडून लेख पुरा करावा, अशी आपल्याकडील स्मरणिकांची जुनी वहिवाट आहे. शताब्दीच्या या ग्रंथात ते सर्व यथास्थळी येणारच असल्यामुळे येथे त्याची पुनरुक्ती केलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून आटोपशीर आहे. या विद्यापीठाच्या छत्राखाली निरनिराळ्या विद्याशाखांत जे नवे ज्ञान संपादन झाले ते कोणते, ते कोणी व कोणत्या साधनांनी संपादिले, आणि वरवर पाहता एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या या विद्याशाखांच्या मुळाशी काही समान अधिष्ठान होते काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे. असे अधिष्ठान होते, आणि ते म्हणजे सातपुड्यापासून वैनगंगा-वर्धेच्या खोऱ्यांपर्यंत पसरलेला हा प्रदेश, असे माझे मत आहे. येथील वनस्पतिशास्त्रज्ञाने ज्या भूमीतील दगड कापला, त्याच भूमीतील ताम्रपट संस्कृताच्या अध्यापकाने वाचला, त्याच भूमीतील मठांतून मराठीच्या अध्यापकाने पोथ्या मिळविल्या आणि त्याच भूमीवर पुरातत्त्वज्ञाने कुदळ चालविली.

विद्यापीठ १९२३ चे. परंतु या परंपरेचा उगम शोधू गेल्यास पाऊणशतकाहून अधिक मागे, भोसल्यांचे राज्य अद्याप खालसा झालेले नव्हते अशा काळात जावे लागते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने पाठविलेले स्टीफन हिस्लॉप हे तरुण धर्मोपदेशक १८४५ साली नागपुरास येऊन दाखल झाले. धर्मप्रसार आणि शाळा चालविणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते व ते त्यांनी निष्ठेने केले; तथापि आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह टाकळीच्या माळावर फिरत असता काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे अश्मीभूत शंख सापडले आणि तेव्हापासून या प्रांताच्या भूगर्भाचा त्यांना जो ध्यास लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. नागपूरच्या परिसरातील भूस्तर व जीवाश्म यांविषयी या दोघांनी लिहिलेला प्रबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्मात उमटलेल्या पानांचे त्यांनी जमविलेले नमुने इंग्लंडात बनबरी यांनी अभ्यासून १८६१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन तर रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या त्या काळच्या अग्रगण्य शरीरशास्त्रज्ञाने केले.

पानांच्या या ठशांचे महत्त्व त्या वेळी कोणाच्याही पूर्णपणे ध्यानात येणे शक्य नव्हते. पुढे या खडकांना गोंडवनाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ग्लॉसोप्टेरिस ही जिभेच्या आकाराच्या पानांची वनस्पती, जी कामठीच्या दगडात आढळते, तीच दक्षिण आफ्रिकेतील कारूच्या खडकांत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही आढळली. आणि हे सर्व भूखंड एके काळी एकत्र होते या सिद्धांताला जे पुरावे मिळाले त्यांतील एक ठळक पुरावा म्हणून तिची गणना होऊ लागली. आफ्रिकेतील एखाद्या विद्यापीठात भूशास्त्र शिकणारा विद्यार्थी आणि नागपुरात तेच शास्त्र शिकणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत प्रथम जे पान हाती घेतात ते एकाच वनस्पतीचे असते, आणि त्या दोघांनाही जोडणाऱ्या प्राचीन भूखंडाचे नाव मात्र आपल्या गोंडांच्या मुलुखावरून पडलेले आहे, ही गोष्ट या विद्यापीठाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावयास हवी.

हिस्लॉप यांची जिज्ञासा दगडांपुरती मर्यादित नव्हती. गोंडांच्या चालीरीती, त्यांची भाषा, लिंगोची दीर्घ कथा यांची त्यांनी टिपणे करून ठेविली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून परतत असता पुराने फुगलेला प्रवाह ओलांडताना ते बुडून मरण पावले, आणि ती टिपणे मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून छापविली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला गावातील माणसे अजून अजब बंगला म्हणतात, तेही १८६३ सालीच उघडले. भूस्तरशास्त्र, जीवाश्मशास्त्र, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि भाषाशास्त्र या पाचही विद्यांचा प्रारंभ या भागापुरता एकाच माणसाच्या हातून झाला, आणि पुढे विद्यापीठात या विद्यांचे वेगवेगळे विभाग व वेगवेगळे दरवाजे झाले तरी त्या दरवाजांमागील जमीन तीच राहिली.

हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये व मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. ही महाविद्यालये प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी आणि १९०४ च्या कायद्यानंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे विद्यार्थी नागपूरचा, अध्यापक नागपूरचा, पण परीक्षेचा कागद शेकडो मैलांवरून यावयाचा. १९०६ साली व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स निघाले, तेच आजची विज्ञान संस्था. शेतकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा संसार होता. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. पुढे हे पद भूषविणाऱ्या डॉ. हरिसिंग गौर यांनी आपली स्वकष्टार्जित संपत्ती देऊन १९४६ साली सागर येथे स्वतंत्र विद्यापीठ काढले. स्थापनेच्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड हा अवघा मुलूख नागपूरच्या अखत्यारीत होता, हे या लेखाच्या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवावयाचे; कारण संशोधकाला त्यामुळे छिंदवाड्यापासून चांद्यापर्यंत आणि वाशीमपासून रायपूरपर्यंत कोठेही जाण्यास आपल्या विद्यापीठाची हद्द ओलांडावी लागत नव्हती.

विद्यापीठ मुख्यतः संलग्नतेचे व परीक्षेचे असल्यामुळे संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद प्रारंभी जवळजवळ नव्हतीच. जे काम झाले ते महाविद्यालयांतील अध्यापकांनी, आठवड्याचे सर्व तास घेऊन, उत्तरपत्रिका तपासून, उरलेल्या वेळात केले. आज अनुदानाच्या अर्जांचे नमुने भरण्यात ज्यांचे दिवस जातात त्यांनी हे अवश्य आठवावे; तक्रार करू नये असे माझे म्हणणे नाही, पण ज्या कामांमुळे नागपूरचे नाव देशांतराच्या ग्रंथसूचींत गेले ती कामे अशा परिस्थितीत झाली, हे सांगितल्याशिवाय त्यांचे मोल कळणार नाही.

विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे उदाहरण घ्यावे. छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शेतांतून व बांधांवरून गारगोटीचे काळसर, धुरकट धोंडे विखुरलेले असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हारसाचे एकामागून एक पाट वाहिले. दोन पाटांच्या मधल्या निवांत काळात तेथे तळी साचली, तळ्यांच्या काठी झाडेझुडपे वाढली, आणि त्या पाण्यात विरघळलेल्या सिकतेने वनस्पतींच्या पेशी इतक्या नाजुकपणे भरून काढल्या की, फळाच्या सालीतील एकेक पेशी आज सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. बिरबल साहनी यांनी १९३४ साली या दगडांतील एका फळाचे वर्णन करून त्यास एनिग्मोकार्पॉन परिजाई हे नाव दिले व पुढे ते मेंदीच्या कुळाशी नाते सांगणारे आहे असे प्रतिपादिले. साहनी लखनौचे, परंतु मोहगाव नागपूरच्या अंगणात, आणि नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील वि. भा. शुक्ल व त्यांच्या नंतरच्या पिढ्यांनी त्या दगडांचे काम हाती घेऊन ते अनेक दशके चालविले.

हे काम कसे चालते ते ज्याने पाहिले नाही त्याला त्यातील चिकाटीची कल्पना येणार नाही. धोंडा यंत्राच्या तबकडीवर कापावयाचा. कापलेली बाजू कार्बोरंडमच्या भुकटीने, प्रथम जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक अशी घासून काचेसारखी गुळगुळीत करावयाची. ती हायड्रोफ्लोरिक आम्लात क्षणभर धरावयाची, म्हणजे सिकता किंचित झिजून वनस्पतीच्या पेशींच्या भिंती तसूभरही नव्हे, केसाच्या जाडीइतक्याही नव्हे, पण उठून राहतात. त्यावर सेल्युलोजचे द्रावण ओतून ते सुकू द्यावयाचे आणि मग तो पापुद्रा हलक्या हाताने सोलून काचपट्टीवर चढवावयाचा. एवढे झाले की, पुन्हा घासणे, पुन्हा आम्ल, पुन्हा पापुद्रा. एक फळ असे शेवटापर्यंत सोलून काढले म्हणजे त्याचे किती कप्पे, कप्प्यात किती बीजे, बी कोठे जोडलेले, हे सारे पापुद्र्यांच्या मालिकेवरून पुन्हा मनात उभारावयाचे. आणि मूळ फळ मात्र या शोधात कायमचे नाहीसे झालेले असते.

या शाखेत डॉ. श्यामला चितळे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. इंग्लंडातील रेडिंग विद्यापीठात जीवाश्म-वनस्पतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन त्या नागपूरला परतल्या आणि विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांची एक परंपराच निर्माण केली. त्या परंपरेतील परडकर यांनी मोहगावच्या एका अश्मीभूत फुलाला १९७३ साली चितळेपुष्पम् हे नाव दिले, ती गुरुदक्षिणा विज्ञानाच्या ग्रंथांत कायमची नोंदली गेली. निपा या खाडीकाठच्या ताडाची फळे मोहगावच्या दगडांत आढळतात, यावर चितळे यांनी दीर्घकाळ लक्ष केंद्रित केले होते. आज समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या छिंदवाड्याच्या पठारापर्यंत त्या काळी खाऱ्या पाण्याचा हात पोहोचला असावा, असे या फळांवरून अनुमान निघते. आणि ज्या प्रश्नावर भूशास्त्रज्ञांचे वर्षानुवर्षे वाद झडले, तो दख्खनच्या लाव्हाचे वय ठरविण्याचा प्रश्न, त्यातही या वनस्पतींची साक्ष पुनःपुन्हा काढली गेली. पुढे चितळे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेल्या व तेथेही जीवाश्म वनस्पतींचेच काम करीत राहिल्या.

त्याच महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात एक दुसरी परंपरा वाढत होती. मा. अ. मोघे यांनी प्रारंभी पक्ष्यांच्या आतड्यांतील पट्टकृमींचे वर्णन केले. नंतर ते वटवाघळांच्या गर्भविकासाकडे वळले. त्यांचे शिष्य अ. गोपालकृष्ण यांनी भारतीय वटवाघळांचे प्रजनन व गर्भविज्ञान हा विषय इतक्या सातत्याने पुढे नेला की, या प्राण्याच्या अपरेविषयी, म्हणजे वारेविषयी, कोठेही काही लिहावयाचे झाल्यास नागपूरच्या निबंधांचा दाखला द्यावाच लागतो. वटवाघूळ हा सस्तन प्राणी वर्षातून बहुधा एकदाच विणारा व ऋतुमानाशी बांधलेला. त्याच्या गर्भाची वाढ पायरीपायरीने समजून घ्यावयाची तर महिन्यामागून महिने एकाच वसाहतीवर नजर ठेवून नमुने जमवावे लागतात. जुन्या पडक्या वास्तू, गुहा, वडापिंपळाची झाडे यांची या भागात वाण नाही, आणि इतरांनी ज्याकडे अशुभ म्हणून पाठ फिरविली त्या प्राण्याने येथील प्रयोगशाळेला जगाच्या शास्त्रात स्थान मिळवून दिले.

आता दुसऱ्या टोकाकडे, संस्कृत विद्येकडे वळू. वासुदेव विष्णु मिराशी हे मूळचे कोकणातील, देवगड तालुक्यातील कुवळ्याचे. मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून ते नागपुरास आले आणि नागपूरचेच झाले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील कोरीव लेखांची सूची १९१६ साली प्रसिद्ध करून वाट मोकळी केली होती. त्या वाटेने मिराशी इतके दूर गेले की, कलचुरी-चेदी, वाकाटक आणि शिलाहार या तीन राजवंशांच्या लेखांचे खंड भारत सरकारच्या कोरीव लेखसंग्रहाच्या मालेत एकट्या त्यांच्या संपादनाखाली अनुक्रमे १९५५, १९६३ व १९७७ साली निघाले. तिसरा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. एका राजवंशाच्या लेखांचे संपादन हे एका आयुष्याचे काम मानले जाते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या तीन तारखांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

वाकाटकांचा इतिहास हा तर नागपूरच्या संशोधकांनी अक्षरशः जमिनीतून उकरून काढला आहे. १९३९ मध्ये वाशीम येथे द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे व महाजन यांनी त्याची प्रथम वार्ता दिली, मिराशींनी त्याचे साक्षेपी संपादन केले, आणि वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथे राज्य करणारी वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा होती ही गोष्ट निर्विवाद झाली. ताम्रपट हाती आला म्हणजे प्रथम तो चिंच किंवा सौम्य आम्लाने स्वच्छ करावयाचा. कडीत ओवलेले पत्रे क्रमाने आहेत किंवा कसे ते पाहावयाचे. मग शाईचा ठसा घेऊन अक्षरे उजेडात आणावयाची. वाकाटकांच्या लेखांतील अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेटीसारखा आकार असतो. त्यात गंज शिरला की ‘व’ आणि ‘च’ यांत संशय पडतो, आणि एका अक्षराच्या संशयावर कधी एका गावाचे नाव, कधी एका राजाचे अस्तित्व लोंबकळत राहते. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा त्यात दिलेल्या असतात; त्या आजच्या नकाशावर व पटवाऱ्याच्या दप्तरात शोधून काढण्यात मिराशींचा हातखंडा होता. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील वाकाटक लेखाचे त्यांनी केलेले नवे वाचन १९४१ साली हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने छापले. मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेकच, हे त्यांचे मत सर्वश्रुत आहे. वाकाटक राजा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धेजवळचे पवनार, हे त्यांचे दुसरे मतही तितकेच गाजले, आणि त्याचे काय झाले ते पुढे येईल.

पोथ्यांच्या क्षेत्रात तीन नावे एकापाठोपाठ घ्यावी लागतात. रायबहादूर हिरालाल यांनी या प्रांतातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली सिद्ध केली, तेव्हा कारंजा येथील जैन भांडारांत अपभ्रंश भाषेतील केवढे धन दडलेले आहे हे विद्वानांना प्रथम कळले. ते धन बाहेर काढण्याचे काम डॉ. हिरालाल जैन यांनी केले. सावयधम्मदोहा, पाहुडदोहा, णायकुमारचरिउ, करकंडचरिउ हे अपभ्रंश ग्रंथ त्यांनी १९३२ ते १९३४ या अल्प अवधीत कारंजाहून संपादून प्रसिद्ध केले. आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करीत असता, मूडबिद्रीच्या मठात शतकानुशतके बंदिस्त असलेल्या ताडपत्रांवरील षट्खंडागम व त्यावरील धवला टीका यांच्या प्रकाशनास १९३९ साली हात घातला. त्याचे १६ खंड पूर्ण होण्यास सुमारे दोन दशके लागली. दिगंबर परंपरेचा हा आद्य आगमग्रंथ सर्वांस वाचावयास मिळाला तो वऱ्हाडातील एका सरकारी महाविद्यालयाच्या अध्यापकामुळे, ही गोष्ट विद्यापीठाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी ती नोंदली गेलेली नाही.

तिसरे नाव विष्णु भिकाजी कोलते यांचे. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल या खेड्यातून आलेल्या या अध्यापकाने महानुभावांचे तत्त्वज्ञान व वाङ्मय यांवर अवघे आयुष्य वेचले. मराठीतील पहिले गद्य चरित्र ज्या पंथाने दिले त्या पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. लिपीची किल्ली हाती आल्यावरही मठामठांतून त्या मिळविणे, एकेका लीळेचे पाठभेद शेजारीशेजारी लावणे आणि सातशे वर्षांपूर्वीच्या बोलीतील शब्द वऱ्हाडातील वृद्धांच्या तोंडी अजून जिवंत आहेत काय ते पाहणे, हे काम बाकी होते. कोलते १९६६ ते १९७२ या काळात विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्रशासनाचा व्याप सांभाळूनही ते काम त्यांनी सोडले नाही, आणि लीळाचरित्राची त्यांची संपादित आवृत्ती १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली.

या विद्यांच्या जोडीला व्यवहाराची विद्या आली ती एका दात्याच्या औदार्याने. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगॅनीजच्या खाणींच्या धंद्यात संपत्ती मिळविली आणि १९३० साली मृत्युपत्राद्वारे सुमारे ३५ लक्ष रुपये प्रयुक्त विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणार्थ विद्यापीठास दिले. त्या काळच्या ३५ लक्षांचे आजचे मोल कोणी करीत बसू नये. एका अल्पवयीन विद्यापीठावर एका व्यापारी गृहस्थाने एवढा विश्वास टाकला यातच सर्व आले. या देणगीतून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. सरकी, जवस, मोह अशा गळिताच्या द्रव्यांनी संपन्न असलेल्या या भागात तेले व मेद यांच्या रसायनाला प्राधान्य मिळणे स्वाभाविकच होते. पुढे अन्नप्रक्रिया, कागद, रंगलेप, खनिज तेल असे विषय तेथे वाढत गेले. २०२३ साली ही संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली.

पुरातत्त्वाचा विभाग हा या साऱ्या विद्यांचा संगम ठरला. मिराशींच्या मतानुसार पवनार हे प्रवरपूर असेल तर जमिनीत त्याची खूण मिळावयास हवी, या विचाराने शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी १९६७ साली तेथे उत्खनन केले. वाकाटककालीन वस्तीचे थर मिळाले, परंतु राजधानीचा निर्णय करणारा पुरावा मिळाला नाही. पुढे रामटेकजवळील मनसर येथे १९९८ पासून झालेल्या उत्खननांत, ज्यांचा विद्यापीठाशी संबंध नव्हता, प्रवरेश्वराच्या नावाची मुद्रा मिळाली आणि आज अनेक विद्वान मनसरकडे झुकले आहेत. मिराशींचे अनुमान यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. ते इतक्या स्पष्टपणे मांडलेले होते म्हणूनच कुदळीने त्याची परीक्षा करता आली.

१९६८-६९ मध्ये देव यांनी टाकळघाट व खापा येथे खोदाई केली. ज्या शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना हिस्लॉप यांना मृत्यू आला, त्या परिसरात शास्त्रशुद्ध उत्खनन करण्यास विद्यापीठाला त्यानंतर एक शतकाहून अधिक काळ लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कोळशाच्या नमुन्यावरून कार्बन पद्धतीने काढलेला काळ इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा निघाला. त्यानंतर काटोल रस्त्यावरील माहुरझरी येथे १९७० ते १९७२ या काळात शिलावर्तुळे उघडण्यात आली. धोंड्यांचे मोठे कडे, आत मुरूम व काळ्या मातीचा भर, त्याखाली माणसांच्या अस्थी, काळी-तांबडी भांडी, लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या. आणि त्यांच्याबरोबर पुरलेले घोडे, ज्यांच्या मुखावर तांब्याचे अलंकार जसेच्या तसे होते. घोड्याच्या हाडांवरील छेदाच्या खुणा प्राणिशास्त्रज्ञाने पाहावयाच्या, लोखंडात कर्ब किती ते धातुशास्त्रज्ञाने सांगावयाचे, अकीक व कार्नेलियनचे मणी कोणत्या खडकातले ते भूशास्त्रज्ञाने ओळखावयाचे. मण्यांचा कच्चा माल दूर शोधावा लागत नाही, कारण ज्या लाव्हाच्या थरांत मोहगावची फळे टिकली त्याच लाव्हाच्या पोकळ्यांत अकीक तयार होते. १९६९-७० मध्ये भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे देव व जगत्पती जोशी यांनी स्तूपांचे अवशेष उघडे केले. तत्पश्चात् अजयमित्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली मांढळ येथे वाकाटककालीन मंदिरे, मूर्ती व ताम्रपट यांचा शोध लागला. नाणकशास्त्रात शास्त्री यांचा अधिकार सर्वमान्य होता. या उत्खननांचे वृत्तांत विद्यापीठाने स्वतः छापले, आणि टाकळघाट-खापा, पवनी व माहुरझरी यांचे ते ग्रंथ आज कोठेही विदर्भाच्या लोहयुगाचा वा बौद्ध अवशेषांचा विषय निघाला की प्रथम मागविले जातात.

इतर शाखांविषयी येथे धावता उल्लेखच शक्य आहे. भोसलेकालीन इतिहासाचे साधन म्हणून नागपूर रेसिडेन्सीच्या दप्तराचे निवडक खंड ह. ना. सिन्हा यांनी संपादिले, आणि भा. रा. अंधारे यांनी मराठ्यांच्या बुंदेलखंडातील अंमलाचा इतिहास लिहिला. पदार्थविज्ञान विभागात प्रकाशक द्रव्यांचा, म्हणजे किरण वा विद्युत् यांच्या उत्तेजनाने स्वतः प्रकाशणाऱ्या स्फटिकांचा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे व त्याचा उपयोग दिव्यांपासून किरणोत्सर्गाच्या मापनापर्यंत होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच नगरीत लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केल्यानंतर एक अपूर्व सामाजिक परिवर्तन विद्यापीठाच्या डोळ्यांदेखत घडू लागले. पाली भाषेचे अध्ययन, आंबेडकर विचारधारेचा स्वतंत्र विभाग आणि दलित साहित्यावरील प्रबंध हे त्याचे फलित आहे. या प्रबंधांपैकी पुष्कळांचे लेखक आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर होते, आणि ज्या वस्तीचा अभ्यास ते करीत होते तीत ते स्वतः वाढले होते. पुस्तकी समाजशास्त्राला जे अवगत नसते ते त्यांच्या टिपणांत आहे. ते प्रबंध कपाटांत पडून न राहता त्यांतील उत्तम ते ग्रंथरूपाने निघावेत, अशी शिफारस मी या निमित्ताने करतो.

कार्यक्षेत्राच्या हद्दी मात्र सतत आकसत गेल्या. सागरच्या पाठोपाठ जबलपूर व रायपूर येथे विद्यापीठे निघाली. १९६९ साली शेतकी शिक्षण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेले. १९८३ साली अमरावती विद्यापीठ होऊन वऱ्हाड वेगळे झाले. २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव विद्यापीठास देण्यात आले. आणि २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ निघून चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हेही गेले. प्रशासनाच्या सोयीसाठी हे योग्यच झाले. परंतु परिणाम असा की, मोहगाव कलान आता मध्य प्रदेशात, वाशीमचा ताम्रपट व कारंजाची भांडारे अमरावतीच्या कक्षेत, आणि वरोऱ्याजवळचे पिसदुरा, जेथील डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अंश सापडल्याचे २००५ साली सिद्ध होऊन गवताच्या उत्पत्तीचा काळच मागे न्यावा लागला, ते गोंडवानाच्या कक्षेत आहे. या प्रदेशाचे अध्ययन पुढे नेणे हे आता तीन विदर्भीय विद्यापीठांनी मिळून करावयाचे काम आहे, आणि त्याची पहिली पायरी अगदी साधी आहे: विज्ञान संस्थेतील काचपट्ट्या, पुरातत्त्व विभागाच्या भांडारातील खापरे व अस्थी, आणि ग्रंथालयांतील हस्तलिखिते व अप्रकाशित प्रबंध यांची एक संयुक्त, गावागणिक लावलेली सूची. हिरालाल यांनी कोरीव लेखांची सूची केली ती जिल्हावार होती, आणि तिच्या १९३२ च्या दुसऱ्या आवृत्तीवाचून या प्रदेशातील कोरीव लेखांचा अभ्यास आजही कोणास सुरू करता येत नाही.